मीठ कोणत्या वाटेने गेलं

सरपंच आमच्या वर्ध्याच्या कार्यालयात आले तेव्हा मी नुकताच डबा उघडला होता. त्यांचा चेहरा पाहिला आणि झाकण परत लावलं. त्या माणसाने दोन दिवस धड काही खाल्लं नव्हतं, हे कोणालाही कळलं असतं. खुर्ची पुढे केली तरी ते बसले नाहीत.

"माह्यी सून दवाखान्यात आहे," ते म्हणाले. "सातवा महिना आहे तिले. कावीळ झाली. गावात घरोघरी तेच आहे. तुमी फक्त एक कागद लिहून द्या, का टोलीवरच्या संडासाचं पाणी आमच्या विहिरीत येते. बाकी आमी पाहून घेतो."

ही दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. जमिनीखालच्या पाण्याची पाहणी करणाऱ्या सरकारी कार्यालयात मी भूवैज्ञानिक होते. गाव देवळीपासून थोडं आत. नाव सांगत नाही, कारण ती माणसं अजून तिथेच आहेत आणि आता एकमेकांशी नीट बोलतात.

गाव मला माहीत होतं. एका बाजूला मोठी वस्ती, दुकानं, शाळा. तिथून थोडं अंतर सोडून चढावर गोंडांची पंचवीसेक घरं, तीच टोली. दोन्हींच्या मध्ये, उताराच्या पायथ्याशी पिण्याच्या पाण्याची विहीर. टोलीवर वर्षभरापूर्वी संडास बांधले गेले होते आणि त्यांचे शोषखड्डे विहिरीच्या बाजूलाच खणलेले होते. खड्डे वर, विहीर खाली. विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतंच. कोणीही कागद लिहून दिला असता.

मीही दिला असता. पेन हातात घेतलंसुद्धा होतं. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरचे आमचे वरिष्ठ बोलले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आवाज कधी न चढवणारा माणूस. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो.

"भाऊ, पाणी उताराने जातं हे वरचं झालं. खाली दगड कसा बसलाय ते कोणी पाहिलंय? आठ दिवस द्या आम्हाला."

"आठव्या दिवशी ग्रामसभा आहे," सरपंच म्हणाले. "खड्डे बुजवाचा ठराव ठेवला आहे. तोवर सांगत असान तं सांगा." आणि ते बसस्टँडकडे निघून गेले.

ते गेल्यावर सर मला म्हणाले, "हे काम तुम्ही करा."

मला ते नको होतं, आणि त्याला कारण होतं. नव्वदच्या दशकात, नोकरीत नवी असताना, वडनेरच्या बाजूला मी एका गावात बोअरची जागा दाखवली होती. जमिनीत वीज सोडायची, ती किती अडते ते मोजायचं आणि त्यावरून खाली कोरडा दगड आहे की ओला, हे ठरवायचं, असं आमचं काम. आकडे छान आले होते. मी छातीठोकपणे खडूने फुली मारली. यंत्राने दोन दिवस खणलं आणि धूळ निघाली. नुसती राखाडी धूळ. गावातलं कोणी मला एका शब्दाने बोललं नाही. बाया रिकाम्या घागरी घेऊन आल्या होत्या, तशाच परत गेल्या. त्या दिवसापासून मला आकड्यांची भीती बसली ती बसलीच. आकडा कधी खोटं बोलत नाही, पण त्याचा अर्थ मी लावते आणि मी चुकू शकते. इथे चुकले तर पंचवीस घरांचे संडास जाणार होते. उलट बाजूने चुकले तर लोक पुन्हा तेच पाणी पिणार होते.

दुसऱ्या दिवशी जीप घेऊन आम्ही गावात गेलो. विहिरीवर आरोग्य खात्याने लाल रंगात 'पाणी पिऊ नये' असं लिहून ठेवलं होतं आणि चौकात टँकर उभा होता. टोलीवर आम्हाला भेटायला एक म्हातारी पुढे आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातावर गोंदण. टोलीतल्या बायांचा बचत गट तीच चालवायची. घरच्यांशी गोंडीत बोलायची, आमच्याशी वऱ्हाडीत.

"तुमी खड्डे बुजवाले आले का?" तिने सरळच विचारलं.

"नाही मावशी. मोजायला आलो."

"काय मोजता? आमी सांगतो ना. दोन वर्स अर्ज केले आमी. आमच्या पोरी पहाटे दुसऱ्याच्या वावराच्या धुऱ्यावर जात होत्या, शिव्या खाऊन येत होत्या. आता कुठं दाराची कडी लावून बसाले भेटते. ते बी नोको म्हन्तेत."

सरांनी तिला जवळ बसवून समजावलं. ते समजावणं इतकं सोपं होतं की मीही पुढे नेहमी तसंच सांगत आले. गोड्या पाण्यातून वीज कष्टाने जाते, खाऱ्या पाण्यातून सहज. म्हणून शोषखड्ड्यांच्या शेजारी पाणी लागेपर्यंत एक खड्डा खणायचा. त्यात मिठाचं पाणी ओतायचं आणि एक सळई सोडायची. दुसरी सळई लांब शेतात. दोन्हींमधून बॅटरीची वीज सोडायची. मग खड्ड्याच्या भोवती आठ दिशांना, सारख्या अंतरावर, जमिनीवर विजेचा दाब मोजायचा. मीठ आहे तिथेच राहिलं तर आठही बाजूंना दाब साधारण सारखा येतो. पण खालचं पाणी मिठाला घेऊन एखाद्या बाजूला निघालं, की त्या बाजूचा आकडा वाढायला लागतो. मीठ डोळ्यांना दिसत नाही, पण त्याची वाट आकड्यांत दिसते. ती वाट पाण्याचीच.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. "म्हन्जे मीठ विहिरीकडे गेलं तं आमी खोटे. दुसरीकडे गेलं तं आमी खरे."

"हो."

"मंग करा," ती म्हणाली. टोलीतल्या माणसांनी सब्बल-फावड्याने दुपारपर्यंत खड्डा खणून दिला. पावसाळा सरत आला होता, दहा फुटांवरच पाणी लागलं. खड्या मिठाचं पोतं आम्ही देवळीहून आणलं होतं. ते रिकामं होताना पाहून ती म्हणाली, "एवढ्यात आमच्या टोलीचं वरीस निघालं असतं व माय!" आणि स्वतःच हसली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली असावी.

तेवढ्यात सरपंच आले. सोबत कोणी नव्हतं. दवाखान्यातून थेट आले होते. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर माहा अविश्वास नाई. पण उद्या कोणी म्हनन का टोलीवाल्यांनी साहेबाले चहा पाजला. आकडा मी वाचीन. तुमी लिहा."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण सर लगेच म्हणाले, "उत्तम. बसा इथं," आणि यंत्रासमोरची खुर्ची त्यांना दिली.

काम सोपं गेलं नाही. सुरुवातीचे आकडे नुसते उड्या मारत होते. आजूबाजूच्या शेतांत मोटरपंप चालू होते, त्यांची वीज जमिनीत झिरपून आमच्या मोजणीत घुसत होती. सरपंच एक आकडा वाचायचे आणि मी लिहीपर्यंत तो बदललेला असायचा. शेवटी आम्ही भारनियमनाची वाट पाहत बसलो. दुपारी दोनला वीज गेली, सगळं शिवार एकदम शांत झालं आणि आकडे जागेवर बसले. वीज गेल्याचा आनंद झालेली त्या तालुक्यात बहुधा मी एकटीच असेन. त्या दिवशीचे आकडे आठही बाजूंना जवळजवळ सारखे आले. मीठ अजून खड्ड्यातच होतं.

दुसऱ्या दिवशीही फारसा फरक दिसला नाही. तिसऱ्या दिवशी सरपंचांनी विहिरीच्या बाजूचा आकडा वाचला आणि थांबले. मग परत वाचला, हळू. आकडा पहिल्या दिवसापेक्षा बराच वर गेला होता.

"वाढला," ते म्हणाले. "विहिरीकडं वाढला."

म्हातारी आमच्यापासून दहा पावलांवर बसली होती. तिने ऐकलं. ती उठली आणि घराकडे चालू लागली. मनात मी अहवालातलं पहिलं वाक्य जुळवायलाही लागले होते.

सरांनी माझ्या हातातली वही घेतली, आकडे पाहिले. "इतकी उडी एका रात्रीत?" ते म्हणाले. "बाकी बाजूंना काहीच नाही आणि इथे एवढं?" मग ते यंत्रापासून खड्ड्याकडे जाणारी तार दोन बोटांच्या चिमटीत धरून वाकून चालू लागले. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस, कंबरेला पट्टा बांधलेला, चिखलातून वाकत वाकत जाताना मी पाहत राहिले. विहिरीच्या बाजूला एका बोरीच्या झुडपापाशी ते थांबले आणि हात वर केला. तिथे तारेवरचं आवरण बकरीने चावून खाल्लेलं होतं. उघडं तांबं ओल्या मातीला टेकलं होतं. वीज खड्ड्यात जायच्या आधी तिथेच जमिनीत उतरत होती आणि म्हणून त्या बाजूचा आकडा वाढलेला दिसत होता.

तार जोडून, चिकटपट्टी गुंडाळून, पुन्हा मोजलं. सरपंचांनीच वाचलं. विहिरीच्या बाजूचा आकडा पहिल्या दिवसासारखाच आला. मी वहीतला आधीचा आकडा खोडला. सरपंच यंत्राकडे पाहत म्हणाले, "म्हन्जे बकरीनं आज टोलीचे संडास बुजवले असते." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला वाटतं, त्या क्षणापासून त्यांना निकालापेक्षा खरं काय ते हवं होतं.

चौथ्या दिवशी नाल्याकडच्या बाजूचा आकडा थोडा वाढला. नाला टोलीच्या मागे, विहिरीच्या बरोबर उलट दिशेला. मी तारा स्वतः दोनदा तपासल्या. पाचव्या दिवशी तो आणखी वाढला. शेजारच्या दोन बाजूही थोड्या वर गेल्या. विहिरीची बाजू ढिम्म होती. मी कागदावर आठ टिंबं मांडून जोडली. पहिल्या दिवशी गोल आला होता, आता तो नाल्याच्या दिशेने अंड्यासारखा ताणला गेला होता. दुपारून खड्डे आणि विहीर यांच्या मधल्या पट्ट्यात दगडाची खोली मोजली, तेव्हा कारणही सापडलं. तिथे मुरमाखाली कठीण काळ्या दगडाचा उंचवटा होता, जमिनीत बुडालेल्या बांधासारखा. वरचं पाणी उताराने विहिरीकडे जात असेल, खालचं मात्र त्या बांधाला अडून मागे नाल्याकडे वळत होतं.

सरपंचांनी तो कागद हातात घेऊन पाहिला. "मंग आमच्या विहिरीत येते कुठून?" ते म्हणाले.

हा प्रश्न मी मनात तीन दिवस टाळत होते. कारण उत्तराचा थोडा अंदाज मला आला होता. गावाची मोठी नाली शाळेमागून जाऊन विहिरीच्या वरच्या अंगाला, जुन्या गढीच्या पायथ्याशी एका खळग्यात संपायची. मी रोज तिथून जात होते. इतक्या घरांचं पाणी तिथे येत होतं आणि तरी तिथे कधी डबकं साचलेलं दिसत नव्हतं. मी म्हातारीला विचारलं, कारण गावातल्या जुन्या गोष्टी तिलाच माहीत होत्या.

"तथी पेव होतं," ती म्हणाली. जमिनीत खणलेलं धान्य साठवायचं कोठार म्हणजे पेव. "मालगुजाराचं. मी लहान होती तवा त्याच्यात ज्वारी भरत. मंग तोंड बुजलं. आता नालीचं पाणी त्याच्यात जाते. कुठं जाते ते कोणी पुसलंच नाई."

त्या नालीला गावातल्या चार-पाच घरांच्या संडासाचे पाइप जोडलेले होते. त्यातला एक सरपंचांच्या घराचा होता. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा आम्ही दोघंच शाळेच्या भिंतीशी उभे होतो. सर म्हणाले होते की अहवालात लिहा, तोंडाने सांगू नका. पण पाच दिवस ज्या माणसाने माझ्यासमोर बसून एकेक आकडा प्रामाणिकपणे वाचला होता, त्याला ही गोष्ट टाइप केलेल्या कागदावरून कळावी, हे मला पटेना.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "मोजा," ते म्हणाले. "तथी बी मोजा. आकडा मीच वाचीन."

पेवाजवळ मीठ सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी विहिरीच्या बाजूचा आकडा चढू लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे ग्रामसभेच्या दिवशीच, विहिरीच्या पाण्यातून वीज आधीपेक्षा सहज जाऊ लागली. आता शंकेला जागाच नव्हती. पेवाजवळचं मीठ विहिरीत पोहोचलं होतं. विहीर बंदच होती, उपसून स्वच्छ करायची होती, त्यामुळे त्या मिठाने कोणाचं बिघडलं नाही.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. मी बोलायची तयारी करून गेले होते. पण सरपंचच उठले. "ठराव मी मागं घेतो," ते म्हणाले. "टोलीच्या खड्ड्यांचं पाणी नाल्याकडं जाते. आपल्या विहिरीत आपल्याच नालीचं पाणी येते. माह्या घरचा बी पाइप त्याच्यात आहे. आकडे मी स्वतः वाचले." मग ते खाली बसले. मागून कोणीतरी म्हणालं, "मंग आता कराचं काय?" आणि सभा एकदम कामाला लागली. नाली पाइपने विहिरीच्या खालच्या अंगाला न्यायची, त्या घरांनी आपापले खड्डे खणायचे, पेव मुरमाने भरायचं. मी घाबरले होते तसं भांडण झालंच नाही. मला वाटतं, लोकांना सुटल्यासारखं वाटलं. दोष कोणाचा यापेक्षा तो निस्तरता येतो, हे त्यांना मोठं वाटलं असावं.

म्हातारी बायांच्या बाजूला, भिंतीला टेकून बसली होती. सभा संपल्यावर सरपंच तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. तिनेच विचारलं, "पोरगी कशी आहे?"

"बरी आहे. डॉक्टर म्हन्ते, कावीळ उतरून राह्यली."

"मंग जा ना तिच्याजवळ. अथी काऊन उभा आहेस?"

ते खरंच तसेच निघाले. फटफटी चालू झाल्याचा आवाज आला आणि आम्हीही निघालो. जीपमध्ये सर म्हणाले, "घरी जाऊन झोपा आता." पण मी घरी पोहोचून आधी जेवले. सासूबाईंनी तीन भाकरी वाढल्या, तिन्ही खाल्ल्या, आणि चौथी मागितल्यावर त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या.

विहीर दोनदा उपसली, औषध टाकलं. पाण्याचे नमुने लागोपाठ चांगले आले तेव्हा आरोग्य खात्याच्या माणसाने लाल अक्षरांवर चुना फासला. गावात नवी कावीळ झाली नाही. सरपंचांच्या सुनेला मुलगी झाली. दिवस भरण्याआधी झाली, महिनाभर दवाखान्यात ठेवली, पण आली घरी.

त्यानंतर मी त्या गावी गेले ते संक्रांतीनंतर, पाण्याची पातळी मोजायला. विहिरीवर गर्दी होती. टोलीच्या आणि गावाच्या बाया एकाच रहाटावर पाळीपाळीने पाणी काढत होत्या आणि कोणाची पाळी आधी यावरून जोरात वाद चालला होता. अगदी रोजचा, साधा वाद. म्हातारीने मला पाहिलं, भरलेला तांब्या पुढे केला. मी पाणी प्यायले. तिने ओच्यातली बोरं माझ्या ओढणीत ओतली आणि म्हणाली, "खाय. आंबट नाई." वर्ध्याला पोहोचेपर्यंत मी ती एकेक करून खात होते आणि बिया खिडकीतून बाहेर टाकत होते.